विकॅटची सुई

एक स्टँड, त्यात ३०० ग्रॅमचा सरकता दांडा, दांड्याच्या टोकाला एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी. स्क्रू सैल केला की दांडा स्वतःच्या वजनानं खाली येतो. सुई ओल्या सिमेंटमध्ये किती रुतली ते पट्टीवर वाचायचं. झालं यंत्र! काँक्रीटचे क्यूब फोडणाऱ्या धिप्पाड मशीनशेजारी ते खेळण्यासारखं दिसतं.

नाव लुई व्हिका या फ्रेंच इंजिनिअरचं. आपण इंग्रजी वळणानं त्याला ‘विकॅट’ करून टाकलं. दोर्दोन्य नदीवर सुइयाकचा पूल बांधताना त्याला प्रश्न पडला, की काही चुना पाण्याखालीही घट्ट का होतो? उत्तर निघालं चुनखडीतल्या चिकणमातीत. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही आहे. टॉवर लोखंडाचा, नाव सिमेंटवाल्याचं!

माल धरला का, हे गवंडी आजही अंगठा दाबून सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. पण अंगठा माणसागणिक वेगळा. म्हणून हे ३०० ग्रॅम.

सिमेंटवर पाणी पडलं की स्टॉपवॉच चालू. खोली २७ अंशांच्या आसपास. किती पाणी घालायचं हे आधी सुईच्या जागी १० मिलिमीटर जाडीचा दट्ट्या लावून ठरवलेलं असतं. सुईच्या चाचणीला त्या पाण्याच्या ०.८५ पट. कालवलेलं सिमेंट ४० मिलिमीटर उंच साच्यात भरायचं. पहिल्यांदा सुई थेट तळाच्या काचेवर जाते, टक् असा बारीक आवाज येतो. दर वेळी जागा बदलायची, सुई पुसायची. मी एकदा पुसायला विसरलो. वाळलेल्या सिमेंटनं सुई जाड झाली आणि माझं सिमेंट वर्गात सगळ्यांच्या आधी ‘सेट’ झालं.

सुई तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडली की ‘इनिशियल’, म्हणजे सिमेंट धरायला लागलं. साध्या पोर्टलंड सिमेंटला ती वेळ ३० मिनिटांच्या आत आलेली चालत नाही, कारण मिक्सरमधून निघालेला माल फळ्यांत पोचून दाबून बसेपर्यंत मऊ राहायला हवा. ‘फायनल’ला, म्हणजे पुरतं धरायला, कमाल ६०० मिनिटं. त्यासाठी कडं असलेली दुसरी सुई लावतात, आणि प्रयोगशाळेतला माणूस डब्यातली उरलेली पोळी खात बसून राहतो. शेवटी कड्याची खूण उमटत नाही, मधोमध फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो. माणूस वहीत वेळ लिहितो आणि साचा धुवायला घेतो.