आवाज साठविणारे घर

लंडन शहराच्या वायव्य भागात सेंट जॉन्स वुड नावाची एक शांत वस्ती आहे. तेथील एका रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे आखलेले आहेत, आणि निरनिराळ्या देशांतून आलेले लोक दिवसभर त्या पट्ट्यांवरून एकामागून एक चालत जाऊन आपली छायाचित्रे काढवून घेतात. मोटारवाले खोळंबतात, भोंगे वाजवितात. परंतु या यात्रेकरूंस त्याचे काही वाटत नाही. रस्त्याचे नाव ॲबी रोड. ॲबी म्हणजे मठ. जवळच्या किलबर्न येथे पूर्वी धर्मभगिनींचा एक मठ होता. आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दीत, १५३६ साली, तो बंद झाला. मठाकडे जाणाऱ्या पाऊलवाटेचे नाव मात्र मागे उरले.

पट्ट्यांपासून काही पावलांवर ३ क्रमांकाचे एक पांढरे घर लागते. समोरून पाहिले असता ते कोणा सुखवस्तू गृहस्थाचे निवासस्थान असावे असे वाटते, आणि मुळात ते तसेच होते. १८३१ च्या सुमारास बांधलेल्या या घरात नऊ शयनगृहे होती व मागे प्रशस्त बाग होती. कालांतराने त्यात वेगवेगळी बिऱ्हाडे राहू लागली. १९२९ साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले, तेव्हा तिची खरी दृष्टी मागच्या बागेवर होती असे म्हणावे लागते; कारण त्या जागेतच ध्वनिमुद्रणाची मोठी इमारत उभी राहिली. तीत तीन दालने केली. पहिल्यात सुमारे शंभर वादकांचा वृंद व तितकेच गायक मावतील एवढी जागा आहे. दुसरे मध्यम आहे. आणि तिसरे मूळचे लहान, एकट्यादुकट्या कलावंतासाठी.

ग्रामोफोन कंपनी म्हणजे कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेल्या कुत्र्याचे चित्र जिच्या तबकड्यांवर असे, तीच. हिचा आपल्या देशाशी संबंध फार जुना आहे. तिचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग हे १९०२ साली कलकत्त्यास आले व त्यांनी गौहर जान या प्रख्यात गायिकेचे गाणे तबकडीवर उतरविले. १९०८ पासून कलकत्त्यासच तबकड्या छापल्या जाऊ लागल्या, आणि पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे ज्यांनी रंगभूमीवर कधी ऐकली नव्हती, त्यांनाही ती घरबसल्या ऐकता आली. हेच गैसबर्ग ॲबी रोडच्या प्रारंभीच्या काळात कंपनीच्या कलाविभागाचे सूत्रधार होते.

त्या काळी आवाज साठवीत कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नाही तर पुढील हकीकतीचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. १९२५ पर्यंत गायकास एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पडदा कापे, पडद्याला लावलेली सुई कापे, आणि फिरत्या मेणावर तिची नागमोडी रेघ उमटे. त्यानंतर मायक्रोफोन आला व विजेच्या साहाय्याने नाजूक स्वरही पकडता येऊ लागले. मेण मात्र तेच राहिले. चांगली जाड मेणाची चकती कपाटात ऊब देऊन मऊ ठेवीत व यंत्रावर चढवीत. चकतीची गती किंचितही बदलली तर स्वर चढे वा उतरे. म्हणून ते यंत्र विजेवर न चालविता, जुन्या भिंतीवरील घड्याळाप्रमाणे, हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनावर चालवीत. तबकडीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत राहत नसे. दीर्घ रचनेचे तेवढ्या-तेवढ्या मापाचे तुकडे पाडावे लागत. शेवटच्या क्षणी कोणी खोकला, कोणाचा स्वर चुकला, की मेण बाजूला टाकून पुन्हा आरंभापासून! आणि झालेले काम लगेच ऐकून पाहण्याचीही सोय नसे, कारण मेणावर सुई फिरविली की ती कोवळी रेघ बिघडलीच. तांब्याचा साचा होऊन नमुन्याची तबकडी हाती येईपर्यंत वाट पाहणे भाग असे.

अशा यंत्रसामग्रीनिशी १२ नोव्हेंबर १९३१ रोजी या वास्तूचे उद्घाटन झाले. ७४ वर्षांचे संगीतरचनाकार सर एडवर्ड एल्गार यांनी लंडन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालन केले. श्रोत्यांत नाटककार बर्नार्ड शॉ होते. त्या प्रसंगाचे चलच्चित्रही घेण्यात आले. जी चाल इंग्लंडातील पोरासोरांच्या तोंडी होती तीच वाजवावयाची होती. तेव्हा आपण ही चाल यापूर्वी कधी ऐकलीच नाही अशा भावनेने वाजवा, असे एल्गार यांनी वादकांस हसत सांगितले. आमच्या मते कोणत्याही गायकवृंदाच्या शिक्षकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही सूचना आहे.

पुढील वर्षी जुलै महिन्यात गैसबर्ग यांच्या पुढाकाराने एल्गार यांची व्हायोलिनसाठी रचलेली मोठी कृती येथे मुद्रित झाली. वादक होता यहुदी मेन्युहिन, वय वर्षे १६. म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढाच. पूर्वतयारीसाठी तो वृद्ध रचनाकारास भेटावयास गेला. त्याने थोडासा भाग वाजविला नाही तोच, ठीक आहे, चिंता नको, असे म्हणून एल्गार घोड्यांच्या शर्यती पाहावयास निघून गेले, असे मेन्युहिन पुढे आयुष्यभर सांगत असे. सुमारे ५० मिनिटांची ती कृती चार-चार मिनिटांचे तुकडे करून दोन दिवसांत मेणावर उतरली, आणि आजही जाणकार ती आदराने ऐकतात. त्याच सुमारास आर्तुर श्नाबेल यांनी येथे बेथोवेनच्या ३२ पियानो-सोनाटा मुद्रित करण्यास आरंभ केला. यंत्रापुढे वाजवावयास ते कित्येक वर्षे तयार नव्हते. एकदा कबूल झाल्यावर मात्र १९३२ ते १९३५ अशी सारी वर्षे त्यांनी त्या कामास दिली.

या घराच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण महिना १९३४ चा जानेवारी होय. त्या महिन्यात येथे दोन गोष्टी अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने घडल्या. पहिलीचा नायक ॲलन ब्लमलीन नावाचा ३० वर्षांचा इंजिनिअर होता. १९३१ साली ग्रामोफोन व कोलंबिया या कंपन्या एक होऊन ई. एम. आय. ही संस्था निघाली, तीत तो काम करी. तो एकदा पत्नीसह बोलपट पाहावयास गेला होता. पडद्यावरील पात्र डावीकडून उजवीकडे जात होते, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळलेला होता. ही विसंगती आपण दूर करू शकतो, असे त्याने पत्नीस तेथेच सांगितले. मनुष्यास दोन कान आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानास किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो, आणि त्या बारीकशा फरकावरून आवाज कोठून आला हे आपण डोळे मिटूनही ओळखतो. मग यंत्रासही दोन कान द्यावेत, हा त्याचा विचार. अडचण अशी की तबकडीवर खाच एकच असते. ब्लमलीनने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरत्या भिंतींची कल्पिली, आणि एका भिंतीवर एका मायक्रोफोनचा व दुसरीवर दुसऱ्याचा आवाज कोरण्याची युक्ती काढली. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने या शोधाच्या हक्कासाठी अर्ज केला. १९ जानेवारी १९३४ रोजी सर टॉमस बीचम यांचा वाद्यवृंद ॲबी रोड येथे मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवीत असता त्याने आपले यंत्र लावले. त्या तबकड्या आजही ऐकता येतात. व्हायोलिने एका बाजूस, मंद्र वाद्ये दुसऱ्या बाजूस, असा वृंद आपल्यापुढे पसरतो.

दुसरी गोष्ट २२ जानेवारीची. एल्गार तेव्हा वूस्टर येथील आपल्या घरी असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळले होते. त्यांच्या उशाशी मायक्रोफोन व ध्वनिक्षेपक ठेवून तेथपासून ॲबी रोडच्या पहिल्या दालनापर्यंत टेलिफोनच्या तारा जोडल्या. लंडनमध्ये लॉरन्स कॉलिंगवुड वाद्यवृंद चालवीत होते, आणि शंभरावर मैलांवरून रचनाकार ते ऐकून गती कोठे सैल करावी, कोठे आवरावी, हे क्षीण स्वरात सांगत होता. महिन्याभराने, २३ फेब्रुवारीस, एल्गार निवर्तले.

ब्लमलीनच्या शोधाचे काय झाले? ते दिवस मंदीचे. एकाऐवजी दोन ध्वनिक्षेपकांचा खर्च कोण करणार? कंपनीने ते काम बाजूस ठेवले. ब्लमलीन दूरदर्शन व नंतर रडारच्या संशोधनाकडे वळला, आणि ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी चालू असता विमान कोसळून इतर दहा जणांसह मृत्यू पावला. तेव्हा त्याचे वय ३८ वर्षांचे होते, आणि काम गुप्त असल्यामुळे त्या वेळी त्याचा गाजावाजाही झाला नाही. ब्रिटनमध्ये अशा द्विमार्गी तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ साली. आज कोणीही कानांत दोन बोंडे घालून गाणे ऐकतो तेव्हा तो या मनुष्याचा ऋणी असतो.

युद्धकाळातही घराचे काम चालू राहिले. अमेरिकन वृंदनायक ग्लेन मिलर यांनी १९४४ च्या सप्टेंबरात येथे वाजविले, आणि डिसेंबरात फ्रान्सला जाताना ते विमानासह नाहीसे झाले. युद्ध संपल्यावर जर्मनीत सापडलेल्या यंत्रांवरून ध्वनिफितीचा प्रसार झाला, आणि मेणाचे राज्य संपले. फीत कापता येते, जोडता येते, लगेच ऐकता येते, हा केवढा पालट!

या पालटाचा सर्वाधिक लाभ ज्यांनी घेतला ते लिव्हरपूलचे चार तरुण, म्हणजे बीटल्स, १९६२ च्या जून महिन्यात प्रथम या दारातून आत आले. येथील शिस्त तेव्हा एखाद्या शासकीय कचेरीस शोभणारी होती. तंत्रज्ञ पांढरे डगले घालीत. सकाळी १० ते १, दुपारी अडीच ते साडेपाच, सायंकाळी ७ ते १० अशी तासिकांची विभागणी असे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी या एकाच दिवसात त्यांनी दहा गाणी मुद्रित केली. जॉन लेनन यास पडसे झाले होते. ज्या गाण्याने घसा पुरता फुटेल ते मुद्दाम अखेरीस ठेवले, व पहिल्याच प्रयत्नात ते उतरले. चारच वर्षांनी त्यांच्या एका संग्रहास सुमारे सातशे तास लागले असे सांगतात. त्यात दोष नाही. या अवधीत ते, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन व येथील तंत्रज्ञ मिळून मुद्रणयंत्रालाच वाद्यासारखे वापरावयास शिकले होते. आवाज भरदार व्हावा म्हणून एकच ओळ दोनदा गाण्याचा लेननला कंटाळा येई. १९६६ साली केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने फितीवरील आवाजाचीच निमिषमात्र मागे राहणारी दुसरी प्रत मूळ आवाजात मिसळण्याची तोड काढली. घुमारा हवा असल्यास तळाशी एक रिकामी खोली होती. तीत ध्वनिक्षेपकाने आवाज सोडावयाचा आणि भिंतींवरून परतलेला पुन्हा मायक्रोफोनने टिपावयाचा. रिकाम्या चर्चमध्ये ज्याने स्तोत्र म्हणून पाहिले आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

या चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन हा पंडित रविशंकरांकडे सतार शिकला होता. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईस आला व कोट भागात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एच. एम. व्ही.च्या मुद्रणगृहात आपल्याकडील वादकांना घेऊन बसला. शिवकुमार शर्मा यांचे संतूर व आशिष खाँ यांचे सरोद त्या कामात आहे. ती जागा ध्वनिरोधक नव्हती आणि बाहेरची रहदारी आत येई. तेथे वाजविलेल्या एका चालीवर हॅरिसनने फेब्रुवारीत ॲबी रोड येथे आपला आवाज चढविला, व मार्चमध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले. गाणे इंग्रजी, त्यातील वाद्ये मुंबईची.

८ ऑगस्ट १९६९ रोजी ते चौघे घरासमोरचा रस्ता ओलांडताना इयन मॅकमिलन यांनी शिडीवर उभे राहून छायाचित्रे घेतली. पोलिसाने तेवढा वेळ रहदारी थांबविली होती. संग्रहाचे नाव रस्त्यावरून ठेवले, आणि पुढे मुद्रणगृहानेही तेच नाव अधिकृतपणे धारण केले. १९८० पासून पहिल्या दालनात चित्रपटांचे संगीत वाजू लागले व त्या प्रचंड खोलीस नवे काम मिळाले. २०१० साली मालक कंपनी कर्जात बुडाली असता घर विकले जाणार अशी वार्ता पसरली आणि फार ओरड झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने इमारतीस व डिसेंबरात त्या पांढऱ्या पट्ट्यांसही संरक्षित वारशाचा दर्जा दिला. २०१२ पासून हे घर युनिव्हर्सल कंपनीकडे आहे.

घराच्या पुढील कमी उंचीच्या भिंतीवर येणारे-जाणारे आपली नावे व बीटल्सविषयीचा लोभ लिहून ठेवतात. जागा उरली नाही की भिंतीस पुन्हा पांढरा रंग देतात, आणि लोक पुन्हा लिहू लागतात. ब्लमलीनच्या नावाची पाटी या वास्तूत लागली ती २०१५ साली.