जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादें जुनें देऊळ उभें राहतें. पाया खचलेला असतांना कळसाला सोन्याचा मुलामा देण्यांत अर्थ नसतो, हें देवळाच्या बाबतींत कोणाला शिकवावें लागत नाहीं. परंतु हीच गोष्ट जुन्या जीपच्या बाबतींत पुष्कळ सुशिक्षित माणसें विसरतात. अलीकडे डोंगरांतील खडकाळ व चिखलाच्या वाटांवर जीप चालविण्याचा छंद शहरांतील अनेक कुटुंबांत शिरला आहे. तीसचाळीस वर्षांची, किंवा त्याहूनही जुनी, गाडी कोठून तरी मिळवावयाची, तिला रुंद टायर, उंच पाटे आणि डोळे दिपविणारे दिवे चढवावयाचे, आणि पहिल्याच पावसाळ्यांत तिला घाटाच्या वाटेला न्यावयाचें, असा क्रम दिसतो. या गाडींत आपलींच मुलेंबाळें बसलेलीं असतात. म्हणून हा क्रम उलटा कां, आणि सुलटा क्रम कोणता, हें आज श्रोत्यांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम या वाहनाची कुळकथा पाहूं. 1940 सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यानें तेथील कारखानदारांकडे, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळेल अशा एका हलक्या गाडीची मागणी केली. नमुना तयार करण्यास मुदत होती अवघी 49 दिवसांची. पेनसिल्व्हेनिया राज्यांतील बटलर गांवच्या बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला, आणि 23 सप्टेंबर 1940 रोजीं गाडी हजर केली. पुढें मोठ्या संख्येनें गाड्या काढण्याचें काम विलीज आणि फोर्ड यांजकडे गेलें, आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. भारत स्वतंत्र झाल्यानंतर मुंबईंत महिंद्रा कंपनीनें विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडण्यास आरंभ केला, आणि हळूहळू ते भागही येथेंच होऊं लागले. विलीजनें 1953 सालीं काढलेला 'सीजे-3बी' हा नमुना अमेरिकेंत 1968 सालीं बंद झाला, तरी आपल्याकडे तो त्यानंतरही अनेक वर्षें निघत राहिला. त्याच्या इंजिनांत हवा आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर बसविल्यामुळें इंजिनाची उंची वाढली, आणि तें झांकण्यासाठीं बॉनेट उंच करावें लागलें. आपल्याकडे आढळणारी जुनी जीप बहुधा ही उंच बॉनेटची, किंवा हिच्याच सांगाड्यावरून पुढें वाढलेली असते.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, ही गाडी चढते कशाच्या जोरावर? अनेकांना वाटतें, इंजिनाच्या. युद्धकाळांतील जीपचें इंजिन 134 घन इंचांचें, म्हणजे सुमारें 2.2 लिटरांचें, आणि 60 अश्वशक्तीचें होतें. आज शहरांत धांवणाऱ्या कितीतरी लहान मोटारींत याहून अधिक शक्ति असते. तरी त्या मोटारी जेथें हात टेकतात, तेथें जीप चालून जाते. याचें उत्तर त्रैराशिक जाणणाऱ्या मुलालाही समजेल. सीजे-3बी गाडींत पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे सुमारें 2.8 फेरे व्हावेत तेव्हां पुढील दांड्याचा एक फेरा होतो. त्याच्या मागें ट्रान्स्फर केस नांवाची दुसरी गिअरपेटी असते. तिच्या हळू बाजूला गति आणखी 2.46 पटींनीं कमी होते. शेवटीं अ‍ॅक्सलमधील दांतेरी चाकें ती 5.38 पटींनीं कमी करतात. या तीन आंकड्यांचा गुणाकार सुमारें 37 येतो. इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर चाक फक्त 16 फेरे घेईल. चाकाचा व्यास 28 इंच धरला, तर गाडी तासाला सव्वादोन किलोमीटरांच्या आंतच चालेल. लहान मुलानें आजोबांचा हात धरून चालावें, तशी ही चाल आहे. आणि गति ज्या पटीनें घटली, त्याच पटीनें, घर्षणांत जाईल तेवढी वजा करून, चाकाची ओढ वाढली. सारांश, जीपचा पराक्रम वेगांत नाहीं. तो सावकाशपणांत आणि चाकाच्या पकडींत आहे.

पकडीचा विचार करतांना डिफरन्शिअल हें यंत्र समजून घेतलें पाहिजे. वळणावर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापतें. म्हणून अ‍ॅक्सलच्या मध्यावर असे गिअर बसवितात, कीं दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरतां यावें. यांत एक दोष आहे. एक चाक चिखलांत निसटूं लागलें कीं तें नुसतें गरगरतें, आणि कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही त्या निसटत्या चाकाइतकीच ओढ मिळते. चारही चाकांना जोड दिल्यानें ही अडचण निम्मी दूर होते. पुढचें एक आणि मागचें एक, अशीं दोन चाकें एकदम निसटलीं तर जीपही जागच्या जागीं फिरत राहते. शिवाय जुन्या जीपमध्यें पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शिअल नसतें. म्हणून पक्क्या कोरड्या रस्त्यावर चारही चाकांची जोड ठेवून वळणें घेतलीं, तर गिअर व दांडे एकमेकांशीं झगडूं लागतात. ही जोड मातीसाठीं आहे, डांबरासाठीं नव्हे.

येथें एक जीवावरचा धोका सांगितलाच पाहिजे. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून, ट्रान्स्फर केसच्या मागें, दांड्यावर असतो. हातब्रेक ओढून मागचें एक चाक जॅकनें उचललें, तर दांडा स्थिर राहतो खरा. पण डिफरन्शिअलच्या योगानें उचललेलें चाक उलट फिरूं शकतें, आणि जमिनीवरचें चाक सुलट. म्हणजे हातब्रेक लावलेला असूनही गाडी उतारावर चालूं लागते. म्हणून जीपचें चाक उचलण्यापूर्वीं जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनीं मोठे दगड किंवा लांकडी ठोकळे लावल्यावांचून कोणीही गाडीखालीं शिरूं नये.

आतां जीर्णोद्धाराचा क्रम. पहिला मान सांगाड्याचा, म्हणजे चासीचा. गाडीचा पत्रा रंगवून नवा दिसतो. चासींतील गंज आंतून खातो, कारण तिच्या बंद भागांत चिखल सांठतो आणि ओल धरून राहतो. लहान हातोडीनें जागोजाग ठोकून पाहावें. निरोगी लोखंड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. पाटे जेथें टांगलेले असतात आणि स्टिअरिंगची पेटी जेथें बसविलेली असते, तेथील तडे विशेष लक्ष देऊन पाहावेत. गंजलेल्या भागावर नवी पट्टी झाळून तो झांकूं नये. तो भाग कापून काढून नवा जोडावा. चासी वांकली आहे कीं काय, हें भूमितीच्या एका साध्या नियमानें कळतें. चारही बाजूंस सारख्या अंतरावरील खुणा घेऊन दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर चासी तिरपी झाली आहे. तिरप्या चासीवर कितीही खर्च केला तरी गाडी सरळ चालणार नाहीं.

दुसरा मान ब्रेकचा. जुन्या जीपच्या ब्रेकचा मुख्य सिलिंडर चालकाच्या पायांखालीं, तळाशीं असतो. चिखल आणि पाणी त्यालाच प्रथम गांठतात. चारही चाकांना जाणारें तेल या एकाच सिलिंडरांतून, एकाच रांगेनें जातें. कोठेंही एक नळी फुटली कीं चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून गंजलेल्या नळ्या, रबरी नळ्या, आणि चाकांतील सिलिंडरांचे रबर सरसकट नवे घालावेत. ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि लांब उतारावर ब्रेक तापले कीं तें ओलें तेल उकळून पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. तें सगळें काढून नवें भरावें. फेरफार करावयाचाच असेल, तर पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र तेल देणारा दुहेरी सिलिंडर बसविणें हा पहिला फेरफार असावा. तो कोणाला दिसत नाहीं, म्हणूनच तो बहुधा राहून जातो.

तिसरा मान स्टिअरिंगचा. स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकापर्यंत अनेक सांधे आहेत, आणि प्रत्येक सांध्यांत थोडी थोडी झीज झाली तरी तिची बेरीज मोठी होते. पुढच्या चाकांचीं बेअरिंगें, मधला फिरता आडवा हात, पाट्यांचे बुश, हे सर्व घट्ट नसतील, तर एखाद्या खळग्यावरून जातांच पुढचीं चाकें थरथरूं लागतात आणि चक्र हातांतून सुटूं पाहतें. हें सर्व झाल्यावर इंजिन, आणि सर्वांत शेवटीं पत्रा व रंग. इंजिनाच्या चारही सिलिंडरांतील दाब मोजून पाहिला, तर तें उघडण्याची गरज आहे कीं नाहीं, हें कळतें. बरेचदां कार्ब्युरेटर, प्रज्वलनाच्या तारा आणि रेडिएटर यांची स्वच्छता पुरेशी होते.

एवढें झालें म्हणजे मूळ गाडी उभी राहिली. आतां फेरफार. येथें एकच नियम ध्यानांत धरावा: यंत्रांत कोणताही लाभ फुकट मिळत नाहीं. समजा, 28 इंची चाकांच्या जागीं 32 इंची चाकें घातलीं. गाडीचें पोट दोन इंच उंच झालें, हा लाभ. परंतु मघांचा 37 हा आंकडा आतां सुमारें 32 सारखा झाला, म्हणजे चढण्याची ओढ घटली. आणि तेवढाच पाय दाबला असतां ब्रेकची रोखण्याची शक्तिही एक अष्टमांश कमी झाली. म्हणजे टायर मोठे घ्यावयाचे तर गिअर आणि ब्रेक यांचाही विचार बरोबरच केला पाहिजे.

उंच पाट्यांचेंही असेंच. जीपच्या दोन चाकांतील अंतर सुमारें 48 इंच, त्याचें निम्में 24. समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 26 इंचांवर आहे. मग आडव्या उतारावर गाडी सुमारें 43 अंशांपर्यंत कलली तरी हिशेबानें उलटणार नाहीं. तोच मध्य चार इंच वर गेला, तर ही मर्यादा 39 अंशांच्या आंत येते. आणि हा हिशेब उभ्या असलेल्या गाडीचा झाला. चालत्या गाडीला खळगा, दगड आणि चालकाची घाई यांचीही भर पडते. उघड्या जीपला डोक्यावर आधार नसतो. म्हणून चासीला पक्का जोडलेला लोखंडी पिंजरा आणि आसनांचे पट्टे यांवर आधीं खर्च करावा, उंचीवर नंतर. डिफरन्शिअल जखडून टाकणारी कळ बसविली तर निसटत्या चाकाचा दोष जातो. पण वळणें जड होतात, आणि एकाच चाकावर सगळा भार आला कीं अ‍ॅक्सलचा दांडा तुटण्याचा संभव वाढतो.

कायद्याचीही जाणीव असावी. 1988 सालच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखान्यानें दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकाला सामान्यतः करतां येत नाहीं. 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ ठाम केला. उलट, 2021 सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या खाजगी गाड्यांची निराळी नोंद करण्याची सोय केली आहे. परंतु चासी, पत्र्याचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाहीं, आणि अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. तेव्हां आपल्याला ठेवा जपावयाचा आहे, कीं डोंगर चढावयाचा आहे, हें हत्यारास हात लावण्यापूर्वींच ठरवावें.

डोंगर चढावयाचा असेल, तर सर्वांत स्वस्त फेरफार टायरांतील हवेचा आहे. चिखलांत व वाळूंत हवा थोडी कमी केली कीं टायर पसरतो, जमिनीला अधिक टेकतो, आणि पकड वाढते. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वीं ती पुन्हां भरावी. उतार उतरतांना हळू बाजूचा पहिला गिअर घालून क्लचवरचा पाय काढावा. इंजिनच गाडीला धरून ठेवतें. पाण्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक हळूच दाबून सुकवावेत. आणि सह्याद्रीच्या सड्यांवर गाडी मुळींच चढवूं नये. त्या कातळावरील मातीचा थर बोटभर असतो; त्यावर पावसाळ्यांत जीं फुलें येतात, त्यांचें स्थान एका चाकोरीनें कित्येक वर्षांसाठीं नाहींसें होतें.

श्रोतेहो, जुनी जीप ही मूळची अशा माणसांनीं आंखलेली आहे, ज्यांना दिखाव्यासाठीं वेळच नव्हता. तिच्यांतील प्रत्येक भागाला कांहीं ना कांहीं काम आहे, आणि एका भागाचा दुसऱ्याशीं हिशेब जुळलेला आहे. जो तो हिशेब आधीं समजून घेतो, तिला प्रथम निरोगी करतो, आणि मग लागेल तेवढेंच बदलतो, त्याच्या घरचीं माणसें त्या गाडींतून निर्धास्तपणें डोंगरावर जातील आणि, अधिक महत्त्वाचें म्हणजे, संध्याकाळीं सुखरूप घरीं परत येतील.