नवी आवृत्ति स्वीकारण्यापूर्वीं

ई-मेल पोंचविणारी संगणकप्रणाली हें एक टपालघरच होय. वीत्से व्हेनेमा यांनीं इ. स. १९९८ मध्यें प्रसिद्ध केलेली ‘पोस्टफिक्स’ ही अशीच एक प्रणाली. तिच्या २०१५ सालच्या ३.० या आवृत्तींत कांहीं मूळ नियम बदलले. उदाहरणार्थ, पत्त्यांतील यंत्राच्या त्रोटक नांवास स्थानिक डोमेनचें नांव आपोआप जोडण्याची रीत सोडून देण्यांत आली. असा बदल एकाएकीं लादला, तर जुन्या रीतीवर विसंबणाऱ्यांचीं पत्रें अडावयाचीं! म्हणून व्यवस्थापकाची संमति मिळेपर्यंत जुनाच नियम चालतो. मात्र जेथें तो उपयोगांत येतो, तेथें तशी सूचना नोंदवहींत उमटते. ती वाचून जुना नियम राखावा कीं नवा घ्यावा, हें त्यानें ठरवावयाचें असतें. विद्यार्थिमित्रहो, बदलांची यादी न वाचतां आवृत्ति बदलणारा मनुष्य दुसऱ्यांचीं पत्रें पणास लावतो.