कोड लिहिणारा एजंट आणि पास करणारा अधिकारी



पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला किंवा इथेच इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला नाही, असे घर आता आपल्या मंडळात क्वचितच सापडेल. त्यामुळे 'कोड आता एआयच लिहितो म्हणे, मग आमच्या मुलांनी काय करायचे?' हा प्रश्न आम्हा निवृत्तांच्या गप्पांत वारंवार येतो. आम्ही बँकेतली माणसे, प्रोग्रॅमिंग हा आमचा प्रांत नव्हे. पण हा प्रकार समजून घेताना लक्षात आले, की यातला गाभ्याचा प्रश्न आमच्या चांगलाच ओळखीचा आहे. व्हाउचर कोणी बनवायचे आणि पास कोणी करायचे, हाच तो प्रश्न.

आधी 'एजंट' म्हणजे काय ते पाहू. (विमा एजंटाशी याचा संबंध नाही.) नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हा प्रोग्रॅमर त्याला प्रश्न विचारायचा, उत्तरातला कोड उचलून आपल्या फाइलीत चिकटवायचा, आणि तो चालला नाही तर चुकीचा संदेश परत नेऊन दाखवायचा. एजंटमध्ये ही ने-आण यंत्रच करते. संगणकावरच्या फाइली वाचायची, बदलायची आणि प्रोग्रॅम चालवून बघायची परवानगी त्याला दिलेली असते. 'अमुक एक करून दे' असे साध्या भाषेत सांगितले, की तो फाइली चाळतो, कोड लिहितो, चाचणी घेतो, चूक आली तर दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवतो. त्याच्या डोळ्यांसमोर एका वेळी ठरावीक मजकूरच राहतो. म्हणून जाणते लोक कामाचे नियम एका फाइलीत लिहून ठेवतात आणि दर खेपेला ती त्याला वाचायला लावतात. नव्या क्लार्कला शाखेतले सर्क्युलर वाचायला देत असत, तसेच काहीसे.

आता एक खरे उदाहरण घेऊ. केंटन वार्डा हे क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीतले अनुभवी इंजिनिअर. पूर्वी गूगलमध्ये असताना 'प्रोटोकॉल बफर्स' या प्रसिद्ध प्रणालीवर त्यांनी काम केलेले. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी 'ओऑथ' या पद्धतीसाठी लागणारा एक प्रोग्रॅम-संच बहुतांशी 'क्लॉड' या एआयकडून लिहून घेतला. एआयवर त्यांचा विश्वास नव्हता. आपली शंका खरी ठरते का ते पाहायलाच ते बसले होते, आणि ती खोटी ठरली असे त्यांनी स्वतःच सांगितले. हाताने लिहायला काही आठवडे, कदाचित महिने लागले असते, ते काम काही दिवसांत झाले, असा त्यांचा अंदाज.

ओऑथ आपण रोज वापरतो. एखाद्या नव्या अॅपवर 'गूगलने लॉगिन करा' असे बटण असते ना, त्यामागे हीच पद्धत आहे. पासवर्ड न देता, ठरावीक कामापुरते अधिकारपत्र त्या अॅपला मिळते. हे अधिकारपत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते आधी नोंदवलेले असते, आणि मागणारा पत्ता नोंदीतल्या पत्त्याशी जुळतो का, हे तपासावेच लागते. चेकबुक नोंदवलेल्या पत्त्यावरच जाते, त्यातलाच प्रकार.

एआयने लिहिलेला हा कोड कंपनीच्या इंजिनिअरांनी सुरक्षेच्या दृष्टीने बारकाईने तपासला होता. तरीही नेमकी ही पत्त्याची पडताळणी त्यात राहून गेली. दोष पुढे उघड झाला, दुरुस्त झाला आणि त्याची जाहीर नोंदही झाली. त्या नोंदीत लेखकाने मोकळेपणाने म्हटले आहे, की ही अट आपल्याला ठाऊक होती, आराखडा करताना तिचा पुष्कळ विचारही केला होता, पण ती तपासणी कोडमध्ये खरोखर आहे ना, हे पाहायचे राहिले. पासिंगच्या खुर्चीवर बसलेल्या कोणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. चुकीचा आकडा डोळ्यांत खुपतो. जी गोष्ट कागदावर नाहीच, ती खुपत नाही. त्यातून कागद नीटनेटका असला, की नजर आणखी सैल पडते, आणि एआयचा कागद नेहमीच नीटनेटका असतो.

वार्डांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. हे काम एआयला सोयीचे होते, कारण नियम आधीपासून छापील आणि सर्वांना माहीत. पण कंपनीच्या मोठ्या, जुन्या प्रणालीत बदल करताना मात्र एआयने फारसा वेळ वाचवला असे त्यांना वाटले नाही.

'मीटर' नावाच्या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये याच बाबतीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांच्या ओळखीचेच मोठे प्रकल्प आणि २४६ कामे. काही कामे एआय घेऊन, काही त्याच्याशिवाय. एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही २० टक्के वाचला असे त्यांना वाटत होते. घड्याळाने मात्र १९ टक्के जास्त वेळ दाखवला. माणसे थोडी आहेत आणि साधने त्या वेळची आहेत, म्हणून हा आकडा आम्ही सगळीकडे लावणार नाही. पण टॅली झाल्यासारखे वाटणे आणि टॅली होणे यांतला फरक बँकवाल्याला वेगळा सांगावा लागत नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेतले उद्योजक जेसन लेम्किन 'रेप्लिट' या कंपनीच्या एजंटकडून एक अॅप बनवून घेत होते. कशालाही हात लावू नको असे बजावलेले असताना एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०० हून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, हे परत मिळणार नाही असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात नोंदी परत मिळाल्या. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, आणि यापुढे चाचणीचा डेटाबेस वेगळा व चालू डेटाबेस वेगळा ठेवू असे जाहीर केले. आमचा प्रश्न एवढाच, की हे आधीपासून वेगळे का नव्हते? शिकाऊ माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली कोणी देते का?

आता आपल्या मुलांकडे येऊ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हाही नोकऱ्या जाणार अशी धास्ती होतीच. लेजर गेले, पास करणारा राहिला. पण तेव्हा पास करणारा आधी काउंटरवर वर्षानुवर्षे बसलेला असे. हजारो व्हाउचर स्वतः लिहिल्यामुळे कुठे काय राहून जाते ते त्याच्या हाताला माहीत असे. एजंट आज नेमके हे काउंटरचे काम घेतो आहे. नव्या मुलांना लिहायला मिळाले नाही, तर पाच-दहा वर्षांनी तपासणारे कुठून येणार, याची काळजी आम्हाला नोकऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त वाटते. कंपन्यांनी यासाठी काही शिस्त ठरवली पाहिजे. 'आता फक्त सांगायचे, लिहायचे नाही' असे मुलांना शिकवणारे महागडे क्लास आम्हाला मुळीच पटत नाहीत.

घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल तर त्याला एक काम सुचवा. प्रोग्रॅमर 'गिट' नावाची नोंदवही ठेवतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली ते तिच्यात राहते आणि बदल मागेही घेता येतो. वार्डांच्या त्या कामाची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. एआयला कोणत्या सूचना दिल्या, तेही तिच्यात नोंदलेले आहे. मुलाने एका रविवारी ती पहिल्या नोंदीपासून वाचावी, आणि पत्त्याची ती पडताळणी कुठे यायला हवी होती ते स्वतः शोधून काढावे. शोधताना एजंटला विचारायचे नाही.