कॉफीचे यंत्र का गुरगुरते?

विजेवर कॉफी करणारे यंत्र तुम्ही कोणाच्या घरी किंवा कचेरीत पाहिले असेल. टाकीत गार पाणी ओतायचे, शेजारच्या गाळणीत कॉफीची पूड घालायची आणि बटण दाबायचे. थोड्याच वेळात गुरगुर ऐकू येते आणि वरून गरम पाणी पुडीवर ठिबकू लागते. जर्मनीत गॉटलोब विडमन यांनी १९५४ साली 'विगोमॅट' नावाच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले.

आता सांगा, पाणी वर कसे चढते? पंपाने, असे तुम्ही म्हणाल. पण घरगुती साध्या यंत्रात पंप नसतोच! टाकीच्या तळातून निघालेली नळी कॉफीच्या भांड्याखालच्या तापपट्टीला चिकटून जाते आणि मग उभी वर चढते. नळीच्या सुरुवातीला एक इवलीशी झडप असते. ती पाणी पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तापलेल्या नळीत थोडे पाणी उकळते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. मागची वाट झडपेने बंद, म्हणून वाफेचे बुडबुडे समोरचे पाणी ढकलत वर नेतात. गुरगुर होते ती यामुळेच.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी विहिरीचे व बोअरचे पाणी दुष्फेन असते. ते उकळले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन नळीत पांढरा थर बसतो. पाणी तापवायच्या बंबात बसतो तोच हा थर. त्यातून उष्णता नीट जात नाही. पाणी गार राहते, पट्टी मात्र फाजील तापते आणि तापनियंत्रक वीज मध्येच तोडतो. वाफ फार व पाणी थोडे येऊ लागले, तर नळी भरत आली असे समजा. बुडबुडे उलटे टाकीत येत असतील, तर झडप अडकली आहे.

उपाय स्वस्त आहे. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन टाकीत ओता, पूड न घालता यंत्र चालवा. निम्मे पाणी वर आले की बंद करून अर्धा तास थांबा, मग उरलेले जाऊ द्या. आम्लामुळे कार्बोनेटचे विद्राव्य कॅल्शियम ॲसिटेट होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बंबातली खपली घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फेस दिसेल. नंतर यंत्रातून दोनदा नुसते पाणी काढा.

यंत्र अगदीच थंड पडले, तर बहुधा आतला उष्णतेने वितळणारा फ्यूज गेलेला असतो. तापनियंत्रक बिघडला तर आग लागू नये, म्हणून तो बसवलेला असतो आणि एकदाच कामी येतो. काही 'हुशार' माणसे तेथे तारेचा तुकडा पिळून यंत्र चालू करतात. तसे कदापि करू नका, आणि कोणी केलेले दिसले तर प्लग काढून घरच्यांना सांगा. त्याच तापमानाचा फ्यूज जाणकाराकडून बसवून घ्यावा. तो डाग देऊन जोडत नाहीत, कारण डागाच्या उष्णतेनेच तो वितळतो. तारांची टोके धातूच्या बारीक नळीत घालून ती पकडीने दाबतात.