शॅम्पूवरचा ससा आणि फुरशाचं औषध

शॅम्पूच्या बाटलीवर सशाचं चिन्ह पाहिलंय? म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदीच आहे. बरोबरच आहे, केस चमकावेत म्हणून सशाच्या डोळ्यात रसायन कशाला?

पण मी रत्नागिरीचा. इथल्या कातळावर फुरसं असतं. गेल्या पावसाळ्यात गवत कापताना ते काकांना चावलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, थांबेचना. अँटिव्हेनममुळे वाचले.

हे औषध बनवताना घोड्याला विषाचे छोटे डोस देतात. त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या वेगळ्या काढतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं आहे. मग बॅचची ताकद तपासायला विष आणि औषध एकत्र करून उंदरांना टोचतात. औषध कमी पडलं की उंदीर मरतात, आणि किती मेले तेच मोजायचं असतं. नियमाप्रमाणे १ मिली औषधाने फुरशाचं ०.४५ मिलीग्रॅम विष निकामी व्हायला हवं.

२०२३ मध्ये नियम बदलले. नव्या औषधांसाठी पेशी, ऑर्गन-चिप, कॉम्प्युटर मॉडेल अशा चाचण्याही चालतात. पण हे विष रक्त, रक्तवाहिन्या, किडनी सगळ्यांवर एकदम तुटून पडतं. ते एका चिपवर दाखवणं अजून कठीण आहे.

उंदीर कमी मात्र करता येतात. आधी काचेच्या नळीत विष आणि औषध मिसळून रक्त नीट गोठतं का ते बघायचं. तिथेच नापास झालेली बॅच उंदरांपर्यंत न्यायचीच नाही. माझ्या मते ही पायरी सक्तीची हवी.