वाकुलीची वाटी

गेल्या वर्षी चैत्रात आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली. सासूबाईंनी जुन्या घमेल्यात भुसा पसरला, अकरा अंडी मांडली आणि तिला वर बसवलं. एकविसाव्या दिवशी सकाळी खुराड्यातून चिवचिव ऐकू आली, आणि माझी लेक दात न घासताच तिथे जाऊन बसली. नऊ पिल्लं निघाली, दोन अंडी वाया गेली.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे दहा-बारा कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे सासूबाईंच्या डब्यात जातात आणि त्या डब्याचा हिशोब त्यांना कुणी विचारत नाही! त्यामुळे कोंबड्यांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा.

आठव्या दिवशी लेक हाका मारत आली, “आई, बघ ना, हे पिल्लू मला वाकुल्या दाखवतंय!”

जाऊन पाहिलं, तर एका पिल्लाची वरची चोच जराशी डावीकडे आणि खालची उजवीकडे गेलेली. अर्धवट उघडलेली कात्री असते ना, अगदी तशी. लेकीने त्याच क्षणी तिचं नाव ‘वाकुली’ ठेवून टाकलं.

शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. “ग्रहणात अंडी बसवली होतीत का गं? त्याशिवाय असं व्हायचं नाही.” मी हसून म्हटलं, “काकू, ग्रहण होतंच कुठे तेव्हा?” एरवी अशा बोलण्यात सासूबाई हिरिरीने भाग घेतात. त्या दिवशी मात्र काही न बोलता आत निघून गेल्या. तेव्हा माझ्या ते फारसं ध्यानात आलं नाही.

दिवसभर टोचते, पण पोट रिकामं

पहिले काही दिवस मला वाटलं, चालेल तिचं. कारण वाकुली सारखी दाणे टिपताना दिसायची. भावंडं दमून आईच्या पंखाखाली शिरली तरी ही आपली टोचत असायची. किती खादाड, असंच आम्ही म्हणायचो.

तिसऱ्या आठवड्यात सगळी पिल्लं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. भावंडं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरली, आणि वाकुली ऐंशी! मग जवळ बसून नीट पाहिलं. ती कणी टिपायची, चोचीची टोकं एकमेकांना भेटायचीच नाहीत, आणि दाणा बाजूने खाली पडायचा. दहा वेळा टोचावं तेव्हा एखादा दाणा आत जायचा. ती खादाड नव्हती, भुकेली होती.

चिमणी आपल्या पिल्लाच्या चोचीत घास घालते. कोंबडी तसं करत नाही. ती पायाने उकरते, ‘कुक् कुक्’ करून दाणा दाखवते, पण टिपायचं पिल्लाचं पिल्लालाच. अंड्यातल्या बलकाचा उरलेला अंश पिल्लाच्या पोटात असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस निभावतं. त्यापुढे चोचीवाचून गत्यंतर नाही. म्हणजे तांबडीला कितीही माया असली तरी तिला वाकुलीसाठी काही करता येणार नव्हतं.

“राहू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “जगायची असेल तर जगेल. कोंबडीच ती. तू कुठे पुरी पडणार आहेस?” त्यांचंही खोटं नव्हतं. सकाळी डबे, मग शिवणाची गिऱ्हाइकं, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. त्यात एका पिल्लासाठी जीव टाकायचा? पण लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी एका खोक्यात वाकुलीला घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या…

एक पिल्लू घेऊन आले म्हणून तिथे रांगेतली माणसं हसली, पण डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वाकुलीला हातात घेऊन चोच उजेडाकडे धरली आणि मला समजावून सांगितलं.

अशी कात्रीसारखी चोच काही पिल्लांना जन्मतः असते, काहींची पुढच्या काही आठवड्यांत वाकडी होऊ लागते. कारणं अनेक. कधी आनुवंशिक दोष असतो, कधी अंडी उबताना उष्णता कमी-जास्त होते, कधी अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात जीवनसत्त्वं कमी पडतात, तर कधी लहानपणी चोचीला मार लागतो. आपल्या पिल्लाच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते बहुतेक वेळा सांगता येत नाही.

“सरळ होईल का?” मी विचारलं.

“नाही. उलट वाढेल तशी आणखी वाकडी होईल. चिकटपट्टी लावून किंवा दाबून सरळ करायला जाऊ नका, पिल्लाचे हाल होतील. चोच बदलता येणार नाही, पण तिची वाटी बदला.”

मला ते पटलं. वाकुलीला चोचीच्या टोकाने टिपता येत नव्हतं, पण खालची चोच फावड्यासारखी खुपसून उचलता आलं असतं. त्यासाठी खाणं खोलगट भांड्यात आणि ओलसर हवं. जमिनीवर पसरलेले दाणे तिच्यासाठी नसल्यासारखेच होते.

वाटीचा प्रयोग

घरात एक जड, खोलगट स्टीलची वाटी होती. ती विटेच्या तुकड्यावर ठेवली, म्हणजे वाटीचा काठ वाकुलीच्या पाठीच्या उंचीला आला. पिल्लांचं तयार खाद्य कोमट पाण्यात कालवलं. फार पातळ केलं तर नाकपुड्यांत जातं आणि घट्ट केलं तर उचलत नाही. थालीपिठाच्या पिठापेक्षा जरा सैल, हे माप जमलं. दिवसाआड त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालायचे.

पहिल्या दिवशी तिने वाटीत चोच खुपसली, मान वर केली, गिळलं आणि क्षणभर थांबून इकडेतिकडे पाहिलं. मग पुन्हा खुपसली. लेक टाळ्या वाजवायला लागली, तिला गप्प करावं लागलं.

तिला खायला मात्र वेगळं बसवावं लागे, नाहीतर भावंडं पाच मिनिटांत वाटी चाटूनपुसून साफ करत. दिवसातून चार वेळा पंधरा-वीस मिनिटं ती टोपलीखाली एकटी, मग पुन्हा आईपाशी. कायमचं वेगळं काढलं नाही. एकटं पिल्लू झुरतं, आणि कळपातल्यांना त्याचा विसर पडला की पुढे ती त्याला टोचून हैराण करतात.

माझी एक चूकही सांगते. चोच लांब झाली की टोक थोडं कापायचं, असं मॅडमनी दाखवलं होतं. एकदा घाईत नेलकटरने जास्तच कापलं आणि भळकन रक्त आलं. चोच म्हणजे निव्वळ नख नव्हे, तिच्या आत रक्तवाहिनी असते. कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं, दोन-तीन मिनिटांत रक्त थांबलं, पण माझे हात नंतर तासभर कापत होते. तेव्हापासून कापणं बंद. दर दोन-तीन आठवड्यांनी नखं घासायच्या पट्टीने फक्त टोक घासते.

त्या संध्याकाळी

जूनमध्ये एका लग्नासाठी मला दिवसभर बाहेरगावी जावं लागलं. परतायला रात्रीचे आठ वाजले. वाटेत सारखं मनात येत होतं, लेकीने दुपारची वाटी दिली असेल, पण संध्याकाळची? घरी आले तर मागच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या. मांडीवर वाकुली, हातात वाटी. तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी त्या दोन बोटांनी चाचपून पाहत होत्या.

मी शेजारी बसले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग वाकुलीकडे बघतच म्हणाल्या, “माझं पहिलं बाळ असंच होतं गं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला हे माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मुलगी झाली, तिचा वरचा ओठ फाटलेला आणि टाळूला भेग. सुईणीने पाहिल्याबरोबर विचारलं, ग्रहणात काय चिरलंस? मग सासूने विचारलं, जावेने विचारलं, गावाने विचारलं. काय चिरलं ते त्या अठरा वर्षांच्या पोरीला आठवेना.

“सारखी तोंड हलवायची. आम्हाला वाटायचं, पितेय. अंगावर घेऊन तासन् तास बसायची मी. पण पोटात काही जातच नव्हतं. सतराव्या दिवशी गेली.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “सगळ्यांनी विचारलं, काय चिरलंस. तिला कसं पाजायचं, ते कुणी सांगितलं नाही.”

मी त्यांचा हात धरला. वाकुली दोघींच्या मध्ये डोळे मिटून बसली होती.

मैत्रिणींनो, म्हणून कोंबडीच्या पिल्लाच्या गोष्टीत हे चार शब्द माणसाच्या बाळाविषयी. ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा काहीही संबंध नाही. आनुवंशिकता, गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, काही औषधं, धूम्रपान अशा कारणांनी हा दोष होऊ शकतो, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. टाळूला भेग असलेल्या बाळाला ओढून पिता येत नाही. आईचं दूध काढून, बाळाला जरा उभं धरून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजावं लागतं, आणि वजन वाढतंय ना हे पाहावं लागतं. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास होते, टाळूची पहिल्या-दीड वर्षात. 2013 मध्ये पालघर इथून सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त या दोषाचा समावेश आहे आणि त्यातून उपचार मोफत होतात. असं बाळ ओळखीत जन्मलं तर आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात लगेच विचारा. त्या आईला मात्र ‘काय चिरलंस’ असं विचारू नका.

तुमच्याकडे असं पिल्लू निघालं तर…

परसात कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींसाठी आमच्या अनुभवातल्या काही गोष्टी:

• पिल्लू टोचतंय म्हणजे खातंय असं समजू नका. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी हळूच चाचपा. भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. आठवड्यातून एकदा वजन करा.

• खाणं ओलसर आणि खोलगट, जड वाटीत द्या. उन्हाळ्यात कालवलेलं खाद्य दोन तासांत आंबतं, उरलेलं फेकून द्या.

• पाण्याचं भांडंही चोच बुडेल इतकं खोल हवं. पिल्लू लहान असेपर्यंत त्यात स्वच्छ खडे टाका, म्हणजे बुडण्याची भीती नाही.

• खाऊन झालं की चोच आणि नाकपुड्या ओल्या कापसाने पुसा. अन्न वाळून बसलं तर श्वास अडतो.

• वाकड्या चोचीने पिसं साफ करता येत नाहीत, त्यामुळे उवा लवकर होतात. कोरडी माती आणि थोडी चाळलेली राख घातलेला खड्डा लोळायला ठेवा. पंखाखाली आणि शेपटीजवळ अधूनमधून तपासा.

• मानमोडीची लस इतर पिल्लांसारखी यालाही द्या. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा.

• मोठी झाल्यावर हिची अंडी खायला हरकत नाही, पण उबवायला ठेवू नका. दोष आनुवंशिक असेल तर पुढच्या पिल्लांत उतरू शकतो.

आणि शेवटचं, जरा अवघड. सगळी अशी पिल्लं जगत नाहीत. भरवूनही वजन घटत असेल, पाणीही पिता येत नसेल, पिसं फुलवून कोपऱ्यात बसून राहत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा आणि ते सांगतील ते ऐका. केवळ आपल्याला सोडवत नाही म्हणून एखाद्या जिवाला उपाशी झुलवत ठेवणं ही माया नव्हे. आम्हीही हे मनाशी ठरवून ठेवलं होतं. सुदैवाने ती वेळ आली नाही.

वाकुली आता वर्षाची झाली. भावंडांपेक्षा लहानखुरीच आहे आणि चोच पहिल्यापेक्षा वाकडी आहे. मार्गशीर्षात तिने पहिलं अंडं दिलं. लेकीने त्यावर पेन्सिलीने फुली मारली, चुकून उबवणीच्या अंड्यांत जाऊ नये म्हणून. त्या अंड्याचं ऑम्लेट लेकीने आजीला दिलं, आणि आजीने अर्धं तिलाच भरवलं.

काकू अजूनही कुंपणावरून विचारतात, “काय गं, एवढं करून हिचा उपयोग काय?” मी काही बोलत नाही. सासूबाईच म्हणतात, “उपयोग कशाला बघायचा? जेवते, बस.”

आता संध्याकाळची वाटी मला द्यावी लागत नाही. दिवेलागणीला सासूबाई मागच्या पायरीवर जाऊन बसतात, वाकुली आपणहून त्यांच्यापाशी येते. मी आत भाकरी थापत असते. थोड्या वेळाने बाहेरून त्यांचा आवाज येतो, “भरली गं हिची पिशवी!”